रायझन ५ ५६००जी: ग्राफिक्स कार्ड न घेता शूटर गेम, पण कोणत्या रिझोल्युशनवर?

वणी, दारव्हा, आर्वी, मेहकर अशा तालुक्याच्या गावी कॉम्प्युटरच्या दुकानात गेमिंगचा पीसी विचारला आणि बजेट आखडतं असलं, की दुकानदार एएमडीची ही चिप पुढे करतो. त्यात त्याचं चुकत नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड न बसवता शूटर गेम खेळण्याजोगी एवढी भरवशाची आणि सहज मिळणारी चिप जुन्या एएम४ सॉकेटवर (मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) दुसरी नाही. अडचण एवढीच, की "चालते का?" या प्रश्नाचं उत्तर गेमच्या नावाइतकंच रिझोल्युशनवर, म्हणजे पडद्यावर किती ठिपके रंगवायचे यावर, ठरतं, आणि दुकानात ते कोणी सांगत नाही. १९२० गुणिले १०८० चा मॉनिटर, त्यावर १०८०चीच सेटिंग, रॅमची एकच पट्टी, आणि मग "एएमडीत दम नाही" अशी तक्रार. दम आहे, तो नीट वापरावा लागतो.

आधी चिपची ओळख. ६ कोर, १२ थ्रेड, बेस वेग ३.९ आणि बूस्ट ४.४ गिगाहर्ट्झ, एल३ कॅश १६ एमबी. आतल्या व्हेगा ग्राफिक्सला ७ कॉम्प्युट युनिट आहेत आणि ती १९०० मेगाहर्ट्झपर्यंत पळतात. टीडीपी, म्हणजे ठरवून दिलेली वीज-उष्णतेची पातळी, ६५ वॅट, डबीसोबत रेथ स्टेल्थ हा छोटा कूलर येतो. किरकोळ विक्रीला ती २०२१च्या ऑगस्टमध्ये २५९ डॉलरला आली. म्हणजे चिप नवी नाही, आणि आतलं व्हेगा ग्राफिक्स तर त्याहून जुन्या पिढीचं आहे. २०२३च्या अखेरीपासून एएमडीने व्हेगाचे ड्रायव्हर मुख्य रांगेतून वेगळे काढले. आता त्यांना प्रामुख्याने सुरक्षेचे आणि गरजेचे बदलच मिळतात. नव्या गेमसाठी खास सुधारणा येतील अशी आशा धरून ही चिप घेऊ नये.

रिझोल्युशन कमी केल्याने नेमकं काय हलकं होतं

१९२० गुणिले १०८० म्हणजे एका फ्रेममध्ये, पडद्यावरच्या एका चित्रात, २०,७३,६०० पिक्सेल. १६०० गुणिले ९००मध्ये १४,४०,०००, म्हणजे ६९ टक्के. १२८० गुणिले ७२०मध्ये ९,२१,६००, म्हणजे ४४ टक्के. १४४०पीचा (२५६० गुणिले १४४०) मॉनिटर आणला तर हाच आकडा ३६,८६,४०० होतो, १०८०च्या पावणेदोन पटीहून थोडा जास्त.

पिक्सेल निम्मे झाले म्हणून एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम बनतात तो आकडा) दुप्पट होत नाहीत. फ्रेम बनवताना ग्राफिक्सची काही कामं पिक्सेलच्या हिशोबाने वाढतात-घटतात: प्रकाश, पृष्ठभागाचे पोत, धूर, अँटी-अलायझिंग (कडा गुळगुळीत करणं). काही कामांना पडद्याच्या आकाराशी देणंघेणं नसतं: नकाशातली भूमिती मांडणं, सावल्यांचे नकाशे काढणं. समजा एका फ्रेमला ग्राफिक्सचे १४ मिलिसेकंद लागतात, त्यातले १० पिक्सेलचे आणि ४ स्थिर. म्हणजे ७१ एफपीएस. ९०० ओळींवर आलात तर १०चे ६.९ होतात, एकूण १०.९, म्हणजे ९१ एफपीएस. ७२०वर ४.४ अधिक ४, म्हणजे साधारण ११९. इथवर फायदा भरघोस आहे. पण प्रोसेसरलाही प्रत्येक फ्रेमसाठी गोळ्यांचा हिशोब, खेळाडूंच्या जागा, आवाज हे सगळं करावं लागतं. त्याला ७ मिलिसेकंद लागत असतील तर १४३ एफपीएसच्या वर गाडी जाणारच नाही. ५४० ओळींवर उतरून ग्राफिक्सचा वेळ ६.५ वर आणला तरी हातात येतात तेच १४३. चित्राची मात्र माती होते.

त्यामुळे पहिलं काम: आपल्या मशीनवर अडतंय कोण, ते शोधा. एएमडीच्या ॲड्रेनलिन सॉफ्टवेअरमध्ये परफॉर्मन्सच्या भागात मेट्रिक्स चालू करा. खेळताना कंट्रोल, शिफ्ट आणि ओ एकत्र दाबलं की आकडे पडद्यावर दिसतात. जीपीयूचा वापर ९५ टक्क्यांच्या वर चिकटून राहत असेल तर ग्राफिक्स अडतंय, रिझोल्युशन उतरवल्याने फायदा होईल. तो ७०-८०वर घोटाळत असेल आणि एफपीएसची मर्यादा लावलेली नसेल, तर प्रोसेसर किंवा रॅम अडतेय. मग रिझोल्युशन कमी करणं म्हणजे डोळ्यांना त्रास फुकट. खातरजमा करायला एकाच नकाशावर एकाच कोपऱ्यात उभे राहून १०८० आणि ७२० दोन्हीवर आकडा बघा. फरक जेमतेम पडला तर उत्तर मिळालं.

सरासरी एफपीएसवर भाळू नका. १ टक्का लो हा आकडा बघा, म्हणजे सर्वांत वाईट एक टक्का फ्रेमचा वेग. सरासरी ११० आणि लो ४० असेल, तर ऐन समोरासमोरच्या चकमकीत पडदा अडखळणार.

रॅमची दुसरी पट्टी आधी

या चिपच्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नाही. प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघंही त्याच रॅमवर जगतात, एकाच पाटावर दोन शेतं असावीत तसे. डीडीआर४-३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी डेटा वाहते, दोन पट्ट्या दोन चॅनेलमध्ये बसवल्या की ५१.२ जीबी. रिझोल्युशन वाढलं की प्रत्येक फ्रेमला रॅमवर लिहिलं-वाचलं जाणारं ओझं वाढतं. म्हणून एका पट्टीवर १०८०ची सर्वाधिक दाणादाण उडते, ७२०वर थोडी कमी.

८ जीबीच्या दोन पट्ट्या घ्या, १६ जीबीची एक नको. दुकानदार "पुढे दुसरी टाकता येईल" म्हणत एक पट्टी गळ्यात मारत असेल तर ठाम राहा. या चिपच्या बाबतीत तो सल्ला चुकीचा आहे. दोन स्लॉटच्या ए५२० मदरबोर्डावर दोन्ही भरा. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा. मग बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणारा बोर्डाचा मेनू) एक्सएमपी किंवा डीओसीपी, म्हणजे रॅम तिच्या लेबलवरच्या वेगाने चालवणारी सेटिंग, चालू करा. ते बंद असेल तर ३२००ची रॅम बहुतेकदा २१३३, २४०० किंवा २६६६ वरच चालत राहते आणि मालकाला पत्ताही नसतो. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मेमरी इथे वेग दिसतो.

त्याच बायोसमध्ये यूएमए फ्रेम बफर नावाची सेटिंग असते, ग्राफिक्ससाठी किती रॅम राखून ठेवायची त्याची. १६ जीबी असेल तर २ जीबी पुरे. ४ जीबी दिल्याने एफपीएस वाढत नाहीत, विंडोजची रॅम तेवढी कमी होते. एकूण ८ जीबीच असेल तर ऑटोवर राहू द्या.

दोन पट्ट्या, पूर्ण वेग, मग रिझोल्युशन. हा क्रम उलटा केला की लोक ७२०वर जाऊनही कुरकुरत राहतात.

काउंटर-स्ट्राइक २

२०२३च्या २७ सप्टेंबरला आलेला हा गेम सोर्स २ इंजिनवर आहे आणि आधीच्या आवृत्तीपेक्षा ग्राफिक्सवर बराच जड आहे. ५६००जीवर १०८० आणि सगळं लो ठेवलं की तो साठ ते नव्वदच्या पट्ट्यात फिरतो, आणि समोर स्मोक फुटला की खाली येतो. या गेममधला धूर खराखुरा आकारमान असलेला आहे. तो पडदाभर पसरला की प्रत्येक पिक्सेलला त्याचा हिशोब करावा लागतो. रिझोल्युशनचा सर्वांत मोठा फायदा नेमका तिथे मिळतो.

इथे थोडं गणित करण्याजोगं आहे, कारण रिझोल्युशन उतरवल्यावर शत्रू दिसेनासा होतो ही तक्रार खरी आहे. या गेममध्ये उभा दृष्टिकोन स्थिर असतो, सुमारे ७४ अंश. ३० मीटरवर उभ्या शत्रूचं डोकं पाव मीटर उंच धरलं, तर १०८० ओळींवर ते ६ पिक्सेल उंच दिसतं, ९०० ओळींवर ५, ७२०वर ४. अंतर दुप्पट झालं की हे आकडे निम्मे. ७२०वर ६० मीटरवरचं डोकं म्हणजे २ पिक्सेल. लांबच्या कोपऱ्यातून डोकावणारा माणूस आणि भिंतीची कड यांत फरक करायला डोळ्याला तेवढं पुरत नाही.

आता ४:३ बघा, म्हणजे रुंदी-उंचीचं जुन्या चौकोनी पडद्यासारखं प्रमाण. १२८० गुणिले ९६० मध्ये एकूण पिक्सेल १२,२८,८००, म्हणजे १६०० गुणिले ९०० पेक्षा कमी. पण ओळी ९६०, त्यामुळे तेच डोकं ५.३ पिक्सेल. काम कमी आणि लक्ष्य जास्त स्पष्ट, हे कसं? कारण ४:३मध्ये दोन्ही बाजूंचा भाग कापला जातो. आडवा दृष्टिकोन १०६ अंशांवरून ९० वर येतो. पिक्सेल वाचतात ते कडांवरचे, मधले तसेच राहतात. व्यावसायिक खेळाडूंत ४:३ इतकं का टिकून आहे, याचं एक कारण सवय असलं, तरी कमजोर ग्राफिक्सवर हा सौदा आकड्यांतही फायद्याचा आहे. किंमत अर्थात आहे: जो शत्रू १६:९वर पडद्याच्या अगदी कडेला दिसला असता, तो इथे दिसतच नाही.

५६००जी आणि १०८०च्या मॉनिटरसाठी आमची पहिली शिफारस १४४० गुणिले १०८०, बाजूला काळ्या पट्ट्या ठेवून. पिक्सेल १५,५५,२००, म्हणजे पूर्ण पडद्याच्या ७५ टक्के. डोकं पूर्ण ६ पिक्सेल. आणि पॅनेलचा एक पिक्सेल म्हणजे गेमचा एक पिक्सेल, त्यामुळे चित्र जराही पुसट होत नाही. ९०० ओळी १०८०च्या पॅनेलवर ताणल्या की प्रत्येक ओळ सव्वा ओळीच्या आसपास पसरते आणि कडा मऊ होतात. तो त्रास इथे नाही. यावरही एफपीएस कमी पडले तर १२८० गुणिले ९६० वर या.

काळ्या पट्ट्या खटकत असतील तर ताणून पूर्ण पडदा भरता येतो. ॲड्रेनलिनमध्ये डिस्प्लेच्या भागात जीपीयू स्केलिंग चालू करा आणि स्केलिंग मोड फुल पॅनेल निवडा. पट्ट्या हव्या असतील तर प्रिझर्व्ह ॲस्पेक्ट रेशो. गेममध्ये डिस्प्ले मोड फुलस्क्रीनच हवा, विंडोड नको. ताणल्यावर शत्रू ३३ टक्के रुंद दिसतो, म्हणून निशाणा सोपा झाल्यासारखा वाटतो. पण तो आडवा पळतोही तितकाच जास्त वेगाने. माऊसची आडवी हालचालही तशीच जलद भासते. संवेदनशीलता बदलण्याची घाई करू नका, आठवडाभरात हात जुळतो.

गेमच्या आतली फिडेलिटीएफएक्स सुपर रिझोल्युशन ही सेटिंग हा दुसरा रस्ता. गेम कमी रिझोल्युशनवर बनतो आणि मग मोठा केला जातो. अल्ट्रा क्वालिटीला प्रत्येक बाजू ७७ टक्के, क्वालिटीला ६७, बॅलन्स्डला ५९, परफॉर्मन्सला ५०. हे बाजूचे टक्के आहेत. ६७ टक्के बाजू म्हणजे पिक्सेल ४५ टक्केच. फायदा असा, की क्रॉसहेअर, गोळ्यांचा आकडा, रडार हे पूर्ण रिझोल्युशनवर टोकदार राहतात. तोटा: ही पद्धत प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे मोठी करते, मागच्या फ्रेममधून माहिती घेत नाही. त्यामुळे लांबच्या बारीक गोष्टी चुरचुरतात. शिवाय मोठं करण्यालाही थोडा वेळ लागतो, तो या चिपवर जाणवतो. अल्ट्रा क्वालिटी चालण्याजोगी आहे. बॅलन्स्ड आणि परफॉर्मन्सला हात लावू नका.

बाकी सेटिंग: अँटी-अलायझिंगला एमएसएए २एक्स किंवा सीएमएए२, सावल्या लो (पण बंद करण्याचा पर्याय शोधू नका, कोपऱ्यामागच्या माणसाची सावली या गेममध्ये माहिती असते), ॲम्बियंट ऑक्लुजन बंद, पार्टिकल लो. व्ही-सिंक बंद. मोजमापासाठी स्टीमच्या (हा गेम जिथून उतरवतात ते सॉफ्टवेअर) वर्कशॉपमध्ये बेंचमार्कचे नकाशे मिळतात. धुरातून जाणारा निवडा, मोकळ्या आकाशाकडे बघून घेतलेला आकडा काही सांगत नाही.

व्हॅलोरंट आणि बाकीचे

व्हॅलोरंट ग्राफिक्सवर हलका आहे. १०८० लोवर ही चिप १०० एफपीएस सहज ओलांडते, आणि त्यापुढे बऱ्याचदा प्रोसेसर आणि रॅमच अडतात. म्हणून इथे रिझोल्युशन उतरवू नका. मटेरियल, टेक्स्चर, डिटेल लो, विन्येट बंद, मल्टिथ्रेडेड रेंडरिंग चालू, रिझोल्युशन १०८०. या गेममध्ये आडवा दृष्टिकोन १०३ अंशांवर बांधलेला आहे. ४:३ निवडून फिल केलं तरी शत्रू रुंद दिसत नाही, ताणले जातात ते पडद्यावरचे आकडे आणि नकाशा. काउंटर-स्ट्राइकचा तोडगा इथे उचलून आणण्यात काही हशील नाही.

विंडोज ११वर व्हॅलोरंट उघडताना व्हॅन ९००१ अशी चूक आली तर बायोसमध्ये एफटीपीएम आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन सेटिंग चालू कराव्या लागतात. इथे एक खाचखळगा आहे. एएम४ बोर्डांच्या जुन्या बायोसमध्ये एफटीपीएम चालू असताना मशीन अधूनमधून क्षणभर अडकतं, आवाजही तुटतो. हा दोष एएमडीने २०२२मध्ये मान्य केला आणि एजेसा (बायोसमधला एएमडीचा भाग) १.२.०.७ पासूनच्या बायोसमध्ये दुरुस्ती दिली. रिझोल्युशन कितीही उतरवा, हा झटका जात नाही. बायोस बदलल्यावर जातो. बायोस अपडेट करताना लाईट गेली तर बोर्ड बाद होऊ शकतो, तेव्हा ते काम यूपीएसवर आणि भारनियमनाची वेळ टाळून करा.

एपेक्स लेजेंड्समध्ये १२८० गुणिले ७२० हा या चिपचा खरा मुक्काम आहे. त्यात ॲडॅप्टिव्ह रिझोल्युशन एफपीएस टार्गेट अशी सेटिंग आहे, ठरवलेला एफपीएस राखण्यासाठी गेम स्वतःच रिझोल्युशन खालीवर करतो. ती ०वर ठेवा. चकमक पेटली की नेमकं तेव्हाच चित्र पुसट होणं शूटर गेममध्ये परवडत नाही. स्थिर ७२० बरं. टेक्स्चर स्ट्रीमिंग बजेट सर्वांत खालच्या पायऱ्यांवर.

मोठ्या नकाशांचे, नव्या इंजिनांवरचे बॅटल रॉयल (शेवटपर्यंत टिकेल तो जिंकेल अशा प्रकारचे गेम) या चिपवर ७२० लोवर सुरू होतात खरे, पण १ टक्का लो इतका घसरतो की स्पर्धेत उतरण्यात अर्थ नाही. त्यांच्यासाठी ही चिप घेऊ नये.

मॉनिटर आणि केबल

घरात किंवा सेतू केंद्रातून निघालेला १३६६ गुणिले ७६८ चा जुना मॉनिटर असेल तर लगेच फेकू नका. त्याचे पिक्सेल १०,४९,०८८, म्हणजे १०८०च्या निम्मे, आणि ते त्याचे स्वतःचेच असल्याने चित्र टोकदार येतं. ५६००जीवर असा मॉनिटर १०८०वर ७२० ताणून खेळण्यापेक्षा स्वच्छ दिसतो. उणीव एवढीच, की हे मॉनिटर साधारणतः ६० हर्ट्झचे असतात, म्हणजे पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनीच बदलतो.

नवा घेणार असाल तर २४ इंची, १०८०, १०० किंवा १४४ हर्ट्झ, फ्रीसिंक (पडद्याचा वेग एफपीएसशी जुळवणारी सोय) असलेला. १४४ हर्ट्झला एका फ्रेमची वेळ ६.९ मिलिसेकंद. व्हॅलोरंट त्याच्या जवळ जातो, काउंटर-स्ट्राइक ४:३वर शंभरच्या आसपास येतो, आणि मधली तफावत फ्रीसिंक सांभाळतो. एफपीएसची मर्यादा हर्ट्झच्या तीन-चार खाली लावा, १४४ला १४०. १४४०पीचा मॉनिटर या चिपसोबत घेणं म्हणजे पैसे टाकून पिक्सेलचं ओझं विकत घेणं.

केबलकडे दुर्लक्ष होतं. व्हीजीए केबलवर १४४ हर्ट्झ विसरा. बऱ्याच बी४५० बोर्डांचा एचडीएमआय पोर्ट १.४ आवृत्तीचा आहे आणि तिथे १४४ हर्ट्झचा पर्याय दिसेलच असं नाही. बोर्डाला डिस्प्लेपोर्ट असेल तर तोच वापरा. आणि केबल जोडून झाल्यावर विंडोजच्या ॲडव्हान्स्ड डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट हाताने बदला. विंडोज बहुतेकदा ६०वरच ठेवतं. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन वर्षभर ६०वर खेळणारे कमी नाहीत. जुना बी४५० बोर्ड घेत असाल तर त्याचा बायोस ५००० मालिकेच्या जी चिप ओळखतो का, ते दुकानातच चालू करून बघा.

ऊन, लाईट आणि कापसाचं तूस

विदर्भात मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी बाहेरच्याहून वेगळं काही नसतं. खोली १५ अंशांनी तापली की चिपही साधारण तितकीच वर जाते. ५६००जीची मर्यादा ९५ अंश. तिथे पोहोचली की ती स्वतःचा वेग उतरवते, आणि हिवाळ्यात नीट चालणारी सेटिंग एप्रिलनंतर अडखळू लागते. प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच चिपवर, एकाच वीजमर्यादेत आहेत. रिझोल्युशन उतरवून एफपीएसला मर्यादा घातली, तर ग्राफिक्सची वीज वाचते, उष्णताही घटते. नुसतं रिझोल्युशन उतरवून एफपीएस मोकळे सोडले तर चिप वाचलेला दम जास्त फ्रेम काढण्यात घालवते आणि तितकीच तापते. उन्हाळ्यासाठी वेगळी सेटिंग ठेवा: १२८० गुणिले ९६०, मर्यादा ७५ किंवा ९०. त्यावरही भागलं नाही तर बायोसमध्ये ४५ वॅटचा इको मोड.

डेझर्ट कूलरसमोर पीसी ठेवायला हरकत नाही, आपल्याकडची मेची हवा इतकी कोरडी असते की दमटपणाचा धाक नाही. फक्त थेंब उडत येणार नाहीत इतकं अंतर राखा. जिनिंगजवळच्या किंवा घरात कापूस साठवलेल्या गावांत खरा शत्रू तूस आहे. रेथ स्टेल्थच्या पाकळ्यांत ते वाकळीसारखं बसतं. वेचणीच्या हंगामात महिन्यातून एकदा पंखा काढून मऊ ब्रशने साफ करा. ब्लोअर वापरताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा.

विजेच्या बाबतीत ही चिप खेडेगावाला मानवते. ग्राफिक्स कार्ड नसलेला हा पीसी मॉनिटरसह ६०० व्हीएच्या यूपीएसवर आरामात राहतो, डाव संपवून नीट बंद करण्याइतका वेळ मिळतो. एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा) घेताना लेबलवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेला घ्या. संध्याकाळी मोटारी आणि दिवे एकदम लागले की दाब उतरतो, तेव्हा फक्त २००-२४० वर चालणारा एसएमपीएस पीसी रीस्टार्ट करतो. घरचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर अ‍ॅक्टिव्ह पीएफसीचे काही एसएमपीएस त्यावर बंद पडतात. साइन वेव्ह असेल तर मागचा स्विच यूपीएस मोडवर ठेवा, नाहीतर बदलाच्या क्षणी पीसी बसतो. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर दोष चिपचा नाही, घराला अर्थिंग नाही. ते आधी करून घ्या.

नेटचा प्रश्न वेगळा

रिझोल्युशन कमी केलं की पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) कमी होतो, हा समज गावोगावी आहे आणि तो चूक आहे. सर्व्हरकडे जातात त्या तुमच्या हालचाली आणि गोळ्या. पडद्यावर ७२० ओळी आहेत की १०८०, हे सर्व्हरला कळतही नाही. व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईत, काउंटर-स्ट्राइकच्या व्हॉल्व्ह कंपनीचे मुंबई आणि चेन्नईत आहेत. पिंग ठरतो तिथवरच्या रस्त्यावर. चित्र अडखळतं की नेट, हे ओळखायची खूण सोपी आहे: एफपीएस स्थिर असूनही शत्रू एका जागेवरून दुसरीकडे उडी मारतो तर नेट, सगळा पडदाच थबकतो तर मशीन. मोबाइल हॉटस्पॉटवर पॅकेट लॉस, म्हणजे वाटेत हरवणारा डेटा, बघत राहा. गावात फायबर आलं असेल तर तेच, आणि राउटरपासून वायरने.

काउंटर-स्ट्राइकला ८५ जीबी जागा लागते. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर तो उतरवायला जवळपास दोन महिने. ज्याच्याकडे गेम आहे त्याच्या स्टीमॲप्स फोल्डरमधून गेमचं फोल्डर पेनड्राइव्हवर आणा, आपल्या स्टीमच्या त्याच जागी टाका, मग इन्स्टॉल दाबा. स्टीम असलेल्या फाइल तपासून फक्त उरलेलं उतरवतं.

पुढे कार्ड घालायचं असेल तर

इथे ५६००जीची मर्यादा उघड होते. तिची एल३ कॅश साध्या ५६००च्या निम्मी, आणि पीसीआय एक्सप्रेस, म्हणजे कार्डाला जोडणारा मार्ग, ३.०चा, ४.०चा नाही. कार्ड वर्षभरात नक्की घ्यायचंच असेल तर आजच ५६०० आणि एखादं जुनं कार्ड हा जास्त शहाणा खर्च. नाहीतर ५६००जीसोबत कार्ड निवडताना त्या मार्गाच्या लेन (डेटाच्या पदऱ्या) मोजा. आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी चारच लेनवर चालतात, आणि त्या ३.० वेगाने मिळाल्या की ४ जीबी मेमरी भरताच अडखळतात. ही दोन या चिपसोबत घेऊ नका. जीटीएक्स १६५० पूर्ण १६ लेनचं आहे आणि ७५ वॅटवर भागतं, बहुतेक मॉडेलना वेगळी वीज केबलही लागत नाही. आरएक्स ६६००ला ८ लेन आणि ८ जीबी मेमरी आहे. त्याने १०८०चा प्रश्न मिटतो, पण ते एकटंच १३२ वॅटचं आहे, तेव्हा ६०० व्हीएचा यूपीएसही बदलावा लागेल. नागपूरला सीताबर्डीवर किंवा अमरावती-अकोल्यात जुनं कार्ड घेत असाल तर दुकानातच अर्धा तास गेम चालवून तापमान बघा, आणि मालिका क्रमांक लिहिलेलं पक्कं बिल घेतल्याशिवाय बस धरू नका.